मदत हवी: मस्टँग जीटी पावसात मागून सरकते. गाडीच अवघड की काही बिघाड?

पौडफाटा
दोन आठवड्यांपूर्वी २०१७ ची मस्टँग जीटी घेतली, सेकंडहँड. कोरड्या रस्त्यावर काही तक्रार नाही. पाऊस लागल्यापासून दोनदा मागचा भाग सरकला. एकदा गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळताना आणि एकदा पुलाखाली यू टर्न घेताना. दुसऱ्या वेळी गाडी जवळजवळ आडवीच झाली. वेग ३० च्या पुढे नव्हता. घरचे म्हणतात विकून टाक, एवढी ताकद मागच्या चाकांना दिली की गाडी असंच करणार. मला सरळ उत्तर हवंय: अशी गाडी मुळातच सांभाळायला अवघड असते का? शनिवारी महाबळेश्वरला जायचंय, त्याआधी ठरवायचंय. "हळू चालवा" एवढंच सांगू नका.

टायरवेडा
सरळ उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. टायर कोणत्या साली बनलेत? चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आहेत का? हवा किती? गाडी कोणत्या मोडमध्ये होती?

दख्खनी_व्ही८
अवघड असतेच. मस्टँगला मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं. म्हणून तिचं शेपूट उडतं. ही गाडी सरळ रस्त्यासाठीच बनवलेली आहे.

चक्रधर
@दख्खनी_व्ही८, ते जुन्या पिढीचं झालं. २०१५ च्या मॉडेलपासून मस्टँगला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलतं, आणि भारतात अधिकृतपणे २०१६ मध्ये आली ती हीच पिढी. धागाकर्त्यांच्या गाडीला सॉलिड ॲक्सल असूच शकत नाही.

सरकण्याचं कारण समजून घ्या. टायरकडे पकडीचा एकच साठा असतो. वळायला, ब्रेकला आणि पिकअपला त्याच साठ्यातून द्यावं लागतं. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत रेस जास्त झाली की पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाते. पाय उचलला की ती परत वळते, त्यामुळे चूक पचून जाते. मागच्या चाकांना ड्राइव्ह असेल तर मागच्या टायरचा वळणासाठीचा साठा रेसमध्ये खर्च होतो आणि शेपूट बाहेर येतं. ५ लिटरचं व्ही८ इंजिन भारतीय मॉडेलमध्ये ५१५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. सहा गियरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गियर ४.१७ चा, म्हणजे डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाला) पोचण्याआधीच तो आकडा २१०० च्या वर जातो. ओल्या रस्त्यावर, पहिल्या गियरमध्ये, स्टिअरिंग वळलेलं असताना अर्धा ॲक्सिलरेटरही पुष्कळ झाला.

मीनल_डी
यू टर्नला गाडी सरकण्यामागे रस्ताही असतो. पुलाखाली झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, गळलेलं ऑइल, आणि पहिल्या पावसात वर येणारी धूळ-तेलाची साय. तिथे साधी हॅचबॅकही घसरते, फक्त तिच्याकडे घसरत राहायला ताकद नसते.

गोणीवाले_काका
सोपा उपाय आहे. डिकीत वाळूच्या २५-२५ किलोच्या दोन गोण्या ठेवा. मागे वजन आलं की चाकं धरतात. पिकअप आणि टेम्पोवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

चक्रधर
काका, रिकाम्या टेम्पोचा मागचा ॲक्सल हलका असतो म्हणून तिथे फायदा होतो. ही गाडी सतराशे किलोच्या वर आहे आणि तिच्या मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं वजन आधीच आहे. ५० किलोने पकड नावालाच वाढेल. उलट डिकी मागच्या ॲक्सलच्या मागे, त्यामुळे शेपूट एकदा निघालं की तेच वजन त्याला लंबकासारखं आणखी बाहेर ओढेल. न बांधलेली गोणी सरकली तर वेगळीच आफत.

पौडफाटा
टायर बरे आहेत हो, नक्षी भरपूर आहे, ५ मिमी तरी असेल. मुद्द्यावर या.

टायरवेडा
टायर हाच मुद्दा आहे. नक्षी पाण्याला वाट देते, पकड रबर देतं. जुनं रबर कडक होतं आणि त्यावर ५ मिमी नक्षी असली तरी ओल्या रस्त्यावर ते प्लास्टिकसारखं वागतं. टायरच्या बाजूवर 'डॉट' ने सुरू होणारी अक्षरं असतात, शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते एकाच बाजूला असतात, आतल्या बाजूला आले असतील तर गाडी उचलून बघावं लागेल. चारही टायरचे आकडे इथे टाका, हवा आणि मोडही सांगा.

न्यूजर्सीकर
इकडे थंडीत मस्टँगवाले सरळ विंटर टायर बसवतात. समर टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली ताठरतं. एक जास्तीचा सेट घेऊन ठेवा, ऑक्टोबरमध्ये बदला.

मीनल_डी
पुण्यात जुलैत तापमान २२-२८ असतं. तिथे विंटर टायरचं मऊ रबर चिरडेल आणि गाडी आणखी डुलेल. त्यांना ओल्यासाठी चांगले समर टायरच हवेत.

टॉर्कप्रेमी
मी तर म्हणतो विका आणि बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्या. चारही चाकांना ड्राइव्ह, कटकट नाही.

चक्रधर
चारही चाकांना ड्राइव्ह असला तर पिकअप घेताना मदत होते. ब्रेक मारताना आणि नुसतं वळताना तिथेही चार टायरच काम करतात. कडक टायरवर ती गाडी वेगाने निघेल आणि थांबायच्या वेळी हीच अडचण येईल.

पौडफाटा
बघून आलो. पुढचे दोन्ही २२२१. मागचा डावा १४१७. मागचा उजवा ०९२०, आणि तो वेगळ्याच कंपनीचा आहे. हवा पंपावर ४० भरून घेतली होती, दरवाजाच्या स्टिकरवर ३२ लिहिलंय. मोड स्पोर्ट प्लस, आवाज छान येतो म्हणून. आणि डॅशवरचा घसरणाऱ्या गाडीचा दिवा सारखा लुकलुकत होता म्हणून ते बटण दाबून ठेवतो.

टायरवेडा
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! मागचा डावा टायर गाडीच्या जन्माचा आहे. उजवा तीन वर्षांनी नवा, वेगळ्या रबराचा, वेगळ्या नक्षीचा. सर्वात जुनं रबर नेमकं ड्राइव्हच्या ॲक्सलवर आणि पुढे त्याहून ताजं. मस्टँगला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, ते दोन्ही चाकांना जोडून ठेवू पाहतं. एक टायर सुटला की दुसराही सुटतो आणि मग बाजूला धरून ठेवायला कोणीच उरत नाही. वर ४० हवा, म्हणजे टायर मधोमध फुगून रस्त्याला लागणारा भाग आणखी कमी.

मागचे दोन्ही बदला. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, स्टिकरवरच्याच मापाचे, या वर्षी बनलेले. दोनच घेणार असाल तरी नवे मागेच बसवायचे. दुकानदार "नवे पुढे टाकू" म्हणाला तरी ऐकू नका.

दख्खनी_व्ही८
हवा तर पावसात कमीच ठेवावी, २६-२८. पसरट टायर जास्त धरतो.

चक्रधर
पावसात हवा कमी करणं घातक आहे. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो. जुनं ठोकताळ्याचं सूत्र आहे: पीएसआयचं (पंपावर हवा मोजतात त्या आकड्याचं) वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलात. ३२ ला ते साधारण ९४ किमी येतं, २६ ला ८५ च्या आसपास. एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यात हा फरक महाग पडेल. रुंद टायर तर आणखी लवकर तरंगतात. म्हणून ४० नको आणि २६ ही नको, स्टिकरवरचं ३२, तेही टायर थंड असताना मोजून. मात्र त्यांची गाडी ३० च्या वेगाला सरकली, तिथे तरंगण्याचा संबंध नाही. तिथे रबर, रेस आणि ते बटण.

मीनल_डी
बटणाबद्दल नीट सांगते. दिवा लुकलुकतो म्हणजे यंत्रणा त्या क्षणी काम करतेय. एकदा दाबलं की ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर चाक जागीच फिरू न देणारं) बंद होतं, काही सेकंद दाबून धरलं की स्टॅबिलिटी कंट्रोलही (गाडी आडवी होऊ न देणारं) जातं. तुम्ही "दाबून ठेवतो" म्हणताय, म्हणजे दोन्ही बंद असण्याचीच शक्यता जास्त. चालू असताना शेपूट निघालं तर स्टॅबिलिटी कंट्रोल बाहेरच्या पुढच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावून गाडी सरळ करतं, आणि इंजिनची ताकदही कापतं. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणं माणसाच्या पायाला शक्यच नाही. पावसात हात लावू नका त्या बटणाला.

मोड "स्नो/वेट" ठेवा. ॲक्सिलरेटर मऊ होतो. स्पोर्ट प्लसमध्ये पेडल थोडं दाबलं तरी जास्त ताकद येते आणि गियरबॉक्स खालचा गियर धरून ठेवतो.

टॉर्कप्रेमी
सगळं बंद करून चालवल्याशिवाय गाडी कळत नाही. काउंटर स्टिअरिंग, म्हणजे शेपूट निघालं की उलटं स्टिअरिंग देणं, शिका, बस.

चक्रधर
शिकावं, पण बंद ट्रॅकवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर प्रशिक्षण मिळतं. रस्त्यावर नको, कारण अशा ताकदवान गाड्या कधीकधी घसरून कडेच्या गर्दीत घुसतात, त्या का ते बघा. पार्किंगमधून वळून बाहेर पडताना टायर थंड, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, रेस पूर्ण. दोन्ही मागची चाकं सुटतात आणि रस्त्याचा उतार शेपटाला कडेकडे ओढतो. चालक उलटं स्टिअरिंग देतो, इथपर्यंत बरोबर. मग घाबरून पाय एकदम उचलतो. त्या क्षणी मागचे टायर धरतात, पुढची चाकं अजून उलटीच असतात, आणि गाडी झटक्यात त्या दिशेला सुटते. पहिल्या सरकण्यापेक्षा हा उलटा झटका जास्त धोक्याचा.

तेव्हा सरकलीच तर: नजर जायचंय तिकडे, स्टिअरिंग नजरेमागे, रेस हळूहळू कमी, आणि गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंग लगेच मधोमध. ही शेवटची पायरीच बहुतेकांकडून राहते.

गोणीवाले_काका
पोर्शे ९११ यापेक्षा वाईट. इंजिनच मागच्या ॲक्सलच्या मागे. १९७५ ची टर्बो तर वळणात पाय उचलला की फिरायची.

चक्रधर
हो, आणि त्यात टर्बोची ताकद उशिरा, एकदम यायची. मस्टँगचं इंजिन पुढे आहे आणि टर्बो नाही, पेडलला जेवढं द्याल तेवढंच लगेच मिळतं. त्या मानाने ती समजून घ्यायला सोपी.

सह्याद्री_रायडर
स्पीडब्रेकरवर तिरकी काढा, नाहीतर पोट घासेल. आणि इन्शुरन्स नावावर करून घेतलात ना?

पौडफाटा
इन्शुरन्सचं झालंय. टायर गुरुवारी बसतील. अलाइनमेंट करू का? दुकानदार म्हणतो पुढच्या चाकांचं पुरे.

टायरवेडा
चारही चाकांचं करा, मागचा टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर किती वळलेलं आहे ते) ॲडजस्ट होतो. प्रिंट मागून घ्या. दोन्ही मागची चाकं किंचित टो-इन, म्हणजे पुढून आत वळलेली, हवीत. एखादं टो-आउट, म्हणजे बाहेर वळलेलं, निघालं तर ते चाक वळणात शेपटाला स्वतःच बाहेर नेतं. टो जागेवर राहत नसेल तर मागच्या सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश तपासा, मगच नवे टायर चढवा. नाहीतर आतली कड महिन्याभरात गोटा होईल.

पौडफाटा
ठीक. म्हणजे शनिवारी निघायला हरकत नाही?

टायरवेडा
नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, तो जायला १५०-२०० किमी लागतात. पुणे-महाबळेश्वर साधारण १२०, म्हणजे पसरणी घाट लागेल तेव्हा टायर अजून कोरेच असणार. शुक्रवारी हायवेवर शंभरेक किमी शांतपणे फिरवून आणा. घाटात मोड वेट, आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने एक गियर वरचा धरा, म्हणजे वळणात गियरबॉक्स अचानक खालचा गियर टाकणार नाही. शुक्रवारी जमत नसेल तर शनिवारी दुसरी गाडी घेऊन जा.

पौडफाटा
शुक्रवारी साताऱ्यापर्यंत जाऊन येतो. अलाइनमेंटची प्रिंट इथे टाकतो, बघाल का?

टायरवेडा
टाका. टोचे आकडे डावा-उजवा वेगवेगळे दिसतील असा फोटो काढा.