साइटवरचा पहिला महिना: तुमचे अनुभव सांगा

मी बांधकामाच्या ट्रेडची मुलं शिकवतो. वर्कशॉपमध्ये हात छान चालणारी मुलं साइटवर गेली की पहिल्याच आठवड्यात बावचळतात. नेमकं कुठे अडतं? कोणी सावरून घेतलं? मोकळेपणाने लिहा, नव्या तुकडीला वाचून दाखवणार आहे.

गवंडी
शिकताना भिंत बांधायची, गुण मिळाले की पाडायची. साइटवर माझे आठ थर झाले आणि मिस्त्रींनी ओळंबा लावला, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी. दोरीचा लाकडी गुटका वरच्या विटेला टेकलेला, पण खाली लोलक, म्हणजे दोरीचं वजन, भिंतीपासून अर्धं बोट लांब झुलत होता. भिंत बाहेर कलली होती. ते ओरडले नाहीत. "मसाला ओला आहे तोवर उतरव. तुझी कसर प्लास्टरवाल्याने का भरायची?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर थराला ओळंबा लावतो. माझ्यामागून कोणीतरी काम करणार आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

प्लंबर
माझं हत्यार चुकलं नाही, तोंड चुकलं. फरशीवाल्याची घाई होती. "झालं का रे?" त्याने विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. पाइपांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती बघायची, राहिली होती. दोन दिवसांनी भिंतीला ओल आली, नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या. टेस्ट कशी घ्यायची ते मला पाठ होतं हो. "थांबा, टेस्ट बाकी आहे," हे मोठ्या माणसाला सांगायची सवय नव्हती.

इलेक्ट्रिशियन
साइटवर मी एकटीच मुलगी. तीन आठवडे सामानच उचललं, तेही दोन मापं मोठे सेफ्टी बूट घालून. शेवटी सुपरवायझरांना म्हटलं, सर, मला कंड्यूट, म्हणजे तारांचे पाइप, टाकू द्या. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळयांवर पाइप टाकले, प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा तपासला. एक जरी सैल राहिला तरी सिमेंटचं पाणी आत जाऊन पाइप बुजतो. नंतर तारा सरसर ओढल्या गेल्या, तो आनंद अजून आठवतो. मुलींनो, काम मागून घ्या. आणि बूट आपल्या मापाचेच मागा.

शटरिंग सुतार
लेव्हल ट्यूबमध्ये, म्हणजे पातळी बघायच्या पाण्याच्या नळीत, बुडबुडा राहिला, पातळी चुकली, स्लॅबच्या साच्याखालचे सगळे टेके पुन्हा लावले. बस, आता ट्यूब भरली की आधी उजेडात धरून बघतो.

साइट सुपरवायझर
आमच्याकडूनही चुकतं. नव्या मुलाला "जे पडेल ते कर" म्हणून सोडून देतो. एका जाणत्या कारागिराच्या हाताखाली महिनाभर दिलं तर पोरगं टिकतं. एकदा शिकाऊ मुलानेच मला अडवलं, "साहेब, काँक्रीटमध्ये पाणी जास्त होतंय, ताकद जाईल." बरोबर होतं त्याचं. मिक्सर थांबवला.

धागाकर्ता
प्लंबरदादा, तुमचा अनुभव उद्याच वर्गात घेतो. एक जण घाई करणारा फरशीवाला होईल, दुसऱ्याच्या हातात प्रेशर गेज देईन. टेस्ट होईपर्यंत त्याने हो म्हणायचं नाही.