न्यायाधीशाला मतदारांनी घरी पाठवावे का? रोझ बर्ड यांच्या निमित्ताने

ऐरण :

न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचा विषय आपल्याकडे निघाला की बोलणे महाभियोगापर्यंत जाते आणि तिथेच अडकते. १९९३ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा ठराव लोकसभेत बारगळला, तेव्हापासून 'जनतेच्या हाती काही तरी असायला हवे' हे वाक्य मी अनेकांकडून ऐकत आलो आहे. ते हाती असले तर काय होते, याचे एक उदाहरण चर्चेला ठेवतो. ते आपल्या देशातले नाही आणि सुखावह तर मुळीच नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते आणि त्या राज्याच्या कायद्याचा अर्थ लावताना त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. कॅलिफोर्नियात १९३४ पासून अशी पद्धत आहे की गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, न्यायाधीश नेमतो, तीन जणांचा आयोग त्या नेमणुकीला मान्यता देतो आणि नंतरच्या निवडणुकीत मतदारांना एवढेच विचारले जाते, की या न्यायाधीशांना पदावर ठेवावे काय. समोर प्रतिस्पर्धी नसतो, फक्त 'हो' किंवा 'नाही'. पूर्ण मुदत बारा वर्षांची. बावन्न वर्षे उत्तर नेहमी 'हो' असेच आले. ४ नोव्हेंबर १९८६ रोजी ते पहिल्यांदा 'नाही' आले, तेही सरन्यायाधीश रोझ एलिझाबेथ बर्ड यांना. सुमारे ६७ टक्के मते त्यांच्या विरोधात होती.

बर्ड यांचा जन्म १९३६ मधला, ॲरिझोनातल्या टूसॉनजवळचा. वडील लहानपणीच गेले. आईने पुढे न्यूयॉर्कजवळ येऊन प्लास्टिकच्या कारखान्यात काम केले आणि मुलांना वाढवले. बर्ड बर्कलीहून कायद्याची पदवी घेऊन १९६५ मध्ये बाहेर पडल्या, वर्षभर नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांच्या साहाय्यक होत्या आणि मग सांता क्लारा काउंटीत सरकारी खर्चाने गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या कार्यालयात वकील झाल्या. त्या कार्यालयातल्या त्या पहिल्या स्त्री वकील. १९७४ मध्ये जेरी ब्राउन यांच्या प्रचारात त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले आणि ब्राउन गव्हर्नर झाल्यावर शेती व सेवा खाते त्यांच्याकडे आले. शेतमजुरांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा १९७५ चा कायदा त्याच काळातला. दिवसभर कमरेतून वाकायला लावणाऱ्या आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली तीही त्याच वर्षी. मोठ्या बागायतदारांचा त्यांच्यावरचा राग तिथून सुरू झाला, हे विसरून पुढचे काहीच समजत नाही.

१९७७ मध्ये ब्राउन यांनी त्यांना थेट सरन्यायाधीश नेमले. वय चाळीस, न्यायाधीशपदाचा अनुभव शून्य, आणि त्या न्यायालयात आलेली पहिली स्त्री. पुढच्या दहा वर्षांत फाशीची साठाहून अधिक प्रकरणे त्यांच्यापुढे आली आणि त्या प्रत्येकात त्यांनी फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. १९८६ चा सगळा प्रचार या एका आकड्यावर उभा होता.

माझे मत स्पष्ट आहे. मतदारांना हा अधिकार होता, परंतु त्यांनी तो ज्या कारणासाठी वापरला ते कारण न्यायालयाच्या मुळावर येणारे होते. ज्याला विरोधी मत मांडायचे असेल त्याने ते मांडावेच, फक्त 'लोकशाही आहे' एवढ्यावर थांबू नये.

घाटमाथा :

थांबणार नाही. आपण जो आकडा प्रचाराचा म्हणून बाजूला सारलात तोच माझ्या दृष्टीने मुख्य पुरावा आहे. साठाहून अधिक खटले, वेगवेगळे गुन्हे, वेगवेगळे पुरावे, वेगवेगळ्या ज्यूरी; आणि निष्कर्ष मात्र दर वेळी एकच. एखाद्या न्यायाधीशाने इतक्या खटल्यांत एकदाही फाशी रद्द केली नसती, तर आपण त्याला निःपक्षपाती म्हटले असते काय? 'हा आधी ठरवून बसला आहे' असेच म्हटले असते, आणि ते योग्यही ठरले असते.

कॅलिफोर्नियातली पार्श्वभूमीही पाहू. १९७२ मध्ये तिथल्या न्यायालयाने फाशी राज्यघटनेविरुद्ध ठरवली. त्याच वर्षी मतदारांनी घटनादुरुस्ती करून ती परत आणली. १९७७ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा केला, ब्राउन यांनी तो नाकारला, तरी विधिमंडळाने तो पुन्हा मंजूर केला. १९७८ मध्ये मतदारांनी ७१ टक्क्यांच्या आसपास मतांनी आणखी कडक कायदा स्वतः संमत केला. लोकांनी याहून स्पष्ट कसे सांगायचे?

न्यायमूर्ती स्टॅन्ली मॉस्क यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. फाशी त्यांनाही नकोशी होती. परंतु १९७९ मध्ये एका निकालात त्यांनी, मन मारूनच म्हणा, लिहिले की जनतेने घटना बदललेली असताना न्यायाधीशाने स्वतःची श्रद्धा त्या जागी आणून बसवू नये. १९८६ च्या त्याच मतपत्रिकेवर मॉस्क यांचेही नाव होते आणि मतदारांनी त्यांना ठेवले. म्हणजे मतदार आंधळे नव्हते, त्यांनी निवड केली.

बागायतदारांचा राग खरा, पण १९७७ मध्येच रॉजर महोनी यांनी बर्ड यांच्या स्वभावाविषयी आक्षेप घेणारे पत्र नेमणूक तपासणाऱ्या आयोगाला पाठवले होते. महोनी हे कॅथलिक बिशप, शिवाय त्याच शेतमजूर कायद्याखालच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष. त्यांना बागायतदारांचा माणूस कसे म्हणणार?

कोरा कागद :

दोघांनीही 'साठाहून अधिक' या आकड्यात काय काय भरलेले आहे ते उघडून पाहिलेले नाही. मी पेशाने वकील आहे, म्हणून थोडे किचकट लिहितो, सांभाळून घ्यावे.

यातल्या बहुतेक प्रकरणांत बर्ड एकट्या नव्हत्या. सात न्यायाधीशांच्या त्या न्यायालयात बहुमतच फाशी रद्द करण्याच्या बाजूचे होते, आणि मॉस्कही अनेकदा त्या बहुमतात असत. फाशी एवढ्या प्रमाणात रद्द का होत होती? १९७८ चा तो लोकप्रिय कायदा अतिशय ढिसाळ लिहिलेला होता, हे त्याचे एक मोठे कारण. चोरी किंवा दरोडा चालू असताना कोणाचा जीव गेला तर फाशी देता येईल, असे त्यात होते. पण आरोपीचा मारण्याचा हेतू असावा लागतो की नाही, हे त्यातल्या शब्दांवरून नक्की सांगता येत नव्हते. १९८३ मध्ये कार्लोस खटल्यात न्यायालयाने म्हटले की हेतू सिद्ध करावा लागेल. तोपर्यंत अनेक खटल्यांत ज्यूरीला हे सांगितलेच गेले नव्हते, त्यामुळे ते निकाल एकामागून एक कोसळले. हा फाशीला आडवे जाण्याचा डाव नव्हे, फौजदारी कायद्यातला जुना नियमच आहे, की शब्द दोन अर्थांचे असतील तर आरोपीच्या बाजूचा अर्थ घ्यावा.

आता गंमत पाहा. १९८७ मध्ये, बर्ड गेल्यानंतर, नव्या न्यायालयाने कार्लोसचा निकाल फिरवला आणि तो फिरवणारे निकालपत्र मॉस्क यांनीच लिहिले. कायद्याचे शब्द तेच होते, बदलली होती खुर्च्यांवरची माणसे. घाटमाथा यांनी मॉस्क यांना संयमी न्यायाधीशाचा नमुना म्हणून उभे केले आहे, तेव्हा हेही त्यांच्या खाती मांडावे. मी त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप करीत नाही, कारण मधल्या काळात अमेरिकेच्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाचा एक नवा निकाल आला होता आणि त्याचा आधार त्यांनी घेतला. परंतु १९८६ नंतर वारा कुठून वाहतो हे सर्वांना कळले होते.

दुपारचा चहा :

बाकी कायद्यातले मला कळत नाही, पण ज्येष्ठांना डावलून चाळिशीतल्या बाईला खुर्चीवर बसवले, याचा राग किती आणि फाशीचा किती, हे वेगळे काढता येईल का? पुरुष गव्हर्नरांनी अनुभव नसलेले पुरुष कधी नेमलेच नसतील असे नाही, पण त्यांच्या केसांच्या ठेवणीवर वर्तमानपत्रांत मजकूर येत नसे. बाईंनी न्यायालयाची आलिशान मोटार नाकारली, साध्या हॉटेलात उतरू लागल्या, तर तेही 'दिखावा' ठरले.

घाटमाथा :

स्त्री म्हणून त्यांच्यावर जास्तीचे वार झाले, हे मान्य. नाकारणे खोटेपणाचे होईल. पण त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हेही हरले, ते दोघे पुरुष.

कोरा कागद यांनी कार्लोसविषयी लिहिलेले मला नवे होते आणि त्याने माझे मत थोडे हलले, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरी ते पूर्ण उत्तर नाही. १९८१ मध्ये रॉबर्ट हॅरिस याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाच्या बहुमताने फाशी कायम केली होती. दोन किशोरवयीन मुलांचे अपहरण करून त्यांना मारल्याचा तो गुन्हा होता आणि तिथे हेतूबद्दल शंका नव्हती. बर्ड तिथेही विरोधात होत्या. म्हणजे इतरांना जिथे रेषा दिसली तिथे त्यांना ती दिसत नव्हती.

आणि हे हत्यार फक्त एकाच बाजूच्या हातात असते असेही समजू नये. ज्या सांता क्लारा काउंटीत बर्ड वकील होत्या, तिथेच २०१८ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सहा महिन्यांची शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला मतदारांनी मुदत संपण्याआधीच पदावरून परत बोलावले. ती पद्धत थोडी वेगळी, पण तत्त्व तेच, आणि त्या वेळी पुढाकार पुरोगामी मंडळींचा होता. तेव्हा कितीजणांना न्यायालयाचे स्वातंत्र्य आठवले?

ऐरण :

मला आठवले होते, आणि त्या वेळी मी माझ्याच मित्रांच्या शिव्या खाल्ल्या. ते असो.

हॅरिसचा मुद्दा वजनदार आहे. पण अल्पमतातल्या न्यायाधीशाने काय करायचे असते? न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी बच्चनसिंग खटल्यात एकट्याने असहमती नोंदवली आणि १९८२ मध्ये तिची सविस्तर कारणे देताना फाशीची शिक्षाच घटनाबाह्य ठरवली. बहुमताचा 'दुर्मिळातील दुर्मीळ' हा निकष आपल्याकडे कायदा झाला, आणि भगवती १९८५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. डिसेंबर १९८६ मध्ये ते वयोमानानुसार निवृत्त झाले, म्हणजे बर्ड हरल्यानंतर सुमारे दीड महिन्याने. फाशीविषयी त्यांचे मत बर्ड यांच्याइतकेच ठाम होते, आणि त्यासाठी त्यांना कोणाच्या दारी जाऊन मत मागावे लागले नाही. आपल्या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत, ही एक गोष्ट मात्र मला सोडवत नाही.

दुसरे असे की बर्ड यांच्याविरुद्धचा प्रचार न्यायालयाच्या बाहेरच्या तटस्थ नागरिकांनी केला, हे चित्र अपुरे आहे. गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी उघडपणे त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली. १९७७ चा फाशीचा कायदा आमदार असताना त्यांनीच मांडला होता. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, ते स्वतः फेरनिवडणुकीला उभे होते. तीन न्यायाधीश पडले आणि तिन्ही रिकाम्या जागा भरण्याचा अधिकार कोणाकडे गेला? ड्यूकमेजियन यांच्याकडेच. त्यांनी आधीच नेमलेले माल्कम लुकास सरन्यायाधीश झाले. सामन्यात स्वतः खेळणाऱ्याने पंचाला हाकलावे आणि नवा पंचही स्वतःच निवडावा, हा प्रकार तुम्हाला खटकत नाही?

भीती कशी काम करते ते त्याच न्यायालयातल्या ऑटो काउस यांनी सांगून ठेवले आहे. न्हाणीघरातल्या टबात मगर असावी आणि दाढी करताना तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा प्रयत्न करावा, अशा आशयाची त्यांची उपमा प्रसिद्ध आहे. १९८२ मध्ये स्वतःचे नाव मतपत्रिकेवर असताना दिलेल्या एका निर्णयाबद्दल त्यांनी कबूल केले होते, की मतदानाचा विचार आपल्या मनात शिरला होता की नाही हे आपल्यालाच सांगता येत नाही. बर्ड यांच्यावर दुराग्रहाचा आरोप करा. पण मगरीकडे पाहून त्यांनी एकही निकाल बदलला नाही, आणि तुम्ही मांडलेला साठाहून अधिकांचा आकडा मला त्याचीच साक्ष देतो.

सातपुडा :

१९७८ ची एक गोष्ट कोणीच आणली नाही. त्या वर्षी बर्ड पहिल्यांदा मतदारांपुढे गेल्या आणि जेमतेम ५२ टक्क्यांनी टिकल्या. मतदानाच्याच दिवशी सकाळी लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी छापली, की बंदूक वापरणाऱ्या गुन्हेगाराला सक्तीने तुरुंगात धाडण्याच्या कायद्यासंबंधीचा टॅनर खटल्याचा निकाल निवडणूक होईपर्यंत न्यायालयाने दाबून ठेवला आहे. पुढच्या वर्षी न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या आयोगाने सुनावणी घेतली. सुरुवातीला ती खुली होती. मग मॉस्क खुल्या साक्षीविरुद्ध न्यायालयात गेले आणि दार बंद झाले. अखेरीस कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. पण सहकारी एकमेकांविषयी काय बोलतात हे राज्याने तोपर्यंत ऐकले होते, आणि माझ्या मते १९८६ चा पराभव तिथेच अर्धा ठरला. फाशी हे कारण होते, पण विश्वास आधीच उडालेला होता. त्यात बर्ड यांचाही वाटा आहे. त्या पत्रकारांना टाळत, सहकाऱ्यांशी अंतर ठेवत. न्यायालय सांभाळणे हेही सरन्यायाधीशाचे काम असते आणि त्यात त्या कमी पडल्या.

एवढे करून मतदारांना हवे ते मिळाले का, याचाही हिशेब व्हावा. लुकास यांच्या न्यायालयाने बहुतेक फाशी कायम केल्या. तरी पहिली शिक्षा अमलात आली ती १९९२ मध्ये, हॅरिसचीच. २००६ पर्यंत एकूण तेरा जणांना मृत्युदंड दिला गेला आणि त्यानंतर एकालाही नाही. २०१९ मध्ये गव्हर्नरांनी अंमलबजावणीच थांबवली, तेव्हा सातशेहून अधिक माणसे रांगेत होती.

घाटमाथा :

हिशेब खरा आहे. पण शिक्षा अमलात येत नाही म्हणून निकाल काय लागला याला अर्थ राहत नाही, असे नव्हे. बळींच्या घरच्यांना दर वेळी नव्याने उभे राहावे लागत होते, त्यांचा पक्ष या धाग्यावर अजून कोणी मांडलेला नाही.

ड्यूकमेजियन यांच्याविषयीचा आक्षेप मात्र मान्य करतो. रिकाम्या जागा भरण्याचा अधिकार त्याच माणसाकडे असू नये. आयोवात २०१० मध्ये समलिंगी विवाहाच्या निकालावरून तीन न्यायाधीश पडले, तेव्हा तिथे नामनिर्देशन समितीने दिलेल्या नावांतूनच गव्हर्नरला निवड करावी लागली. पद्धत ठेवावी आणि ही फट बुजवावी, इतपत मी सरकायला तयार आहे.

दुपारचा चहा :

बाईंचे पुढे काय झाले हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. काही काळ त्यांनी दूरचित्रवाणीवर भाष्यकार म्हणून काम केले, मग त्या हळूहळू लोकांच्या नजरेआड गेल्या आणि म्हाताऱ्या आईची काळजी घेत राहिल्या. ईस्ट पालो आल्टोतल्या गरिबांसाठीच्या एका कायदा केंद्रात त्या स्वयंसेवक म्हणून गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना ओळखले नाही आणि कागदांच्या झेरॉक्स काढायला लावल्या, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. त्यांनी त्या काढल्या. १९७६ पासून स्तनाचा कर्करोग पाठीमागे लागला होता, त्यातच ४ डिसेंबर १९९९ रोजी त्या गेल्या. वय ६३.