फॉरेनरला अस्सल हवं आणि आपल्याला फ्यूजन?

घुंगरूवेडी:
परवा बालगंधर्वला कथक बघितलं. आधी थाट, आमद हे सुरुवातीचे पारंपरिक प्रकार, मग ठुमरीवर नुसतं बसून भाव, एकच ओळ आणि दर वेळी रुसवा वेगळा. शेजारची जर्मन बाई श्वास रोखून बघत होती आणि आपली मंडळी व्हॉट्सॅपवर! इंटरव्हलनंतर काळे टाइट कपडे, पियानो, धूर. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, असलं आमच्याकडे खूप असतं, पहिलं पुन्हा कधी आहे? मग हे मॉडर्न चाललंय कुणासाठी?

सदाशिवपेठी:
एका जर्मन बाईवरून अख्ख्या युरोपचा निकाल लावलात! आणि अस्सल म्हणजे काय हो? भरतनाट्यम हे नाव रुळलं 1930च्या दशकात, आधी ते सदिर होतं, देवदासींचं. रुक्मिणीदेवींना आपल्या मातीतलं नृत्य शोधायला सांगितलं आन्ना पावलोवाने, म्हणजे बॅलेवालीने, आणि 1936ला त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, शृंगाराला कात्री लावली, ते आज परंपरा म्हणून खपतंय.

घुंगरूवेडी:
बरोबर, पण त्या कात्रीला विरोध करणाऱ्या बालासरस्वतीच होत्या ना, देवदासी घराण्यातल्या नर्तकी. 1962ला अमेरिकेत जेकब्ज पिलो या नृत्यमहोत्सवात नाचल्या, शृंगार न गाळता, आणि तिथल्या लोकांनी डोक्यावर घेतलं.

सदाशिवपेठी:
आणि अक्रम खानला नाही घेतलं? लंडनचा माणूस, कथकमधून कंटेम्पररी करतो, जगभर शो.

घुंगरूवेडी:
तो लहानपणापासून प्रताप पवारांकडे कथक शिकलाय. इथे दोन परीक्षा दिल्या की पोरं फ्यूजन बसवतात, तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला बोल, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली तरी नशीब.

लेहरा:
मध्ये बोलतो, सॉरी. गोऱ्यांना काय आवडतं याची आपल्याला एवढी पडलीय कशाला? रोहिणीताई भाट्यांनी 1947ला इथे पुण्यात नृत्यभारती ही कथकची संस्था काढली, पुढे कालिदासाचं ऋतुसंहार कथकमध्ये आणलं, ते काय लंडनला विचारून? माझी आई त्यांच्या कार्यक्रमांना जायची. नवं होतं म्हणून कोण उठून गेलं नाही म्हणते.

सदाशिवपेठी:
हेच म्हणतोय मी मघापासून, नव्याला नावं ठेवू नका.

घुंगरूवेडी:
नव्याला नाही हो, धुराला ठेवतेय. शेवटी द्रुत ततकार, म्हणजे पायांचं जलद काम, होता आणि चौथ्या रांगेतून पाय दिसत नव्हते, नुसता आवाज. तिकीट साडेतीनशे.