कोंबडीच्या भ्रूणाचा डोळा: इन-सिटूतला जांभळा रंग खरा की खोटा? (अनुभव धागा)

खुडूक: जुना डबा आवरताना पॅक्स-६ (डोळा घडवणारं जनुक) च्या प्रोबने (जनुकाच्या आरएनएला चिकटणारा तुकडा) रंगवलेले भ्रूण दिसले, म्हणून इन-सिटूचा (जनुक कुठे चालू आहे ते जांभळ्या रंगाने दाखवणारी पद्धत) हा धागा. काय बिघडतं, का बिघडतं, तेवढंच लिहा. पहिलं माझ्याकडून: तास मोजू नका, सोमाइट (भ्रूणाच्या पाठीतले जोडीचे ठोकळे) मोजा. ऑप्टिक व्हेसिकल (मेंदूतून फुटणारा डोळ्याचा फुगा) हवं तर एचएच १० (हॅम्बर्गर-हॅमिल्टन टप्पा; १० सोमाइट), लेन्स प्लॅकोड (पुढे लेन्स होणारा जाड ठिपका) हवं तर १३-१४ (१९ ते २२). थंड अंडी थेट ३८ अंशांत ठेवली की मागे-पुढे होतातच.

चिमटा: प्रोटिनेज के (प्रोब आत शिरावा म्हणून प्रथिनं पचवणारं एन्झाइम)!! १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरने जास्त वेळ ठेवलं की वरचं एक्टोडर्म (बाहेरचा पेशीथर, ज्यातून लेन्स होते) सोलून निघतं आणि लोक लिहितात 'लेन्समध्ये सिग्नल नाही'. अहो, लेन्सच नाही तिथे. कोवळ्या भ्रूणांना मोजकी मिनिटं पुरतात. नंतर ४ टक्के पीएफएने (पॅराफॉर्मल्डिहाइड) पुन्हा फिक्स करायचंच.

पिपेटवाली: ऑप्टिक कप (व्हेसिकल आत दुमडून झालेली डोळ्याची वाटी) आणि मेंदूच्या पोकळ्या म्हणजे रंग साचायच्या खोबण्या. प्रीहायबच्या (हायब म्हणजे प्रोब चिकटवणं, त्याची पूर्वतयारी) आधी बारीक सुईने पश्चमेंदूचं छत आणि डोळा टोचा, धुताना द्रव आरपार जायला हवा. सेन्स प्रोबलाही (कशालाच चिकटू नये असा कंट्रोल) तिथेच जांभळं आलं तर तो साचलेला रंग. शंका राहिलीच तर छेद घ्या: खरा सिग्नल पेशीत असतो, खोटा पोकळीत.

नवशिका: सॉक्स-२ (लेन्सचं दुसरं जनुक) आणि पॅक्स-६ मध्ये आधी कोणतं बघू?

खुडूक: @नवशिका, दोन्ही, शेजारशेजारच्या भ्रूणांवर. पॅक्स-६ डोक्याच्या एक्टोडर्ममध्ये आधीपासून पसरलेलं असतं. एक्टोडर्मला व्हेसिकल टेकलं की तेवढ्याच जागी सॉक्स-२ चढतं, मग दोघं मिळून डेल्टा-क्रिस्टलिनचा (लेन्सचं प्रथिन) एन्हान्सर (जनुकाचं बटण) चालू करतात. म्हणून जागा सॉक्स-२ सांगतं, पॅक्स-६ एकटं नाही.

टिपकागद: एचएच २० नंतर आरपीईत (रेटिनामागचा काळा थर) रंगद्रव्य येऊ लागतं, पुढे जांभळं-काळं वेगळं काढणं अशक्य. चिमट्याने आरपीई सोलून रेटिना वेगळी रंगवा. आणि पांढऱ्या लेगहॉर्नची अंडी घेऊन सुटका नाही, पिसं पांढरी असली तरी डोळा काळाच 😀

पिपेटवाली: 😂 हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

चिमटा: पण आरपीई सोलली की एमआयटीएफ (आरपीईचं जनुक) गेलं ना.

टिपकागद: एमआयटीएफ रंगद्रव्य यायच्या आधीच बघा की. रेटिनात व्हीएसएक्स-२ (रेटिनाचं जनुक) आलं की एमआयटीएफ तिथून हटतं आणि आरपीईपुरतं उरतं. ही फारकत रंगद्रव्याआधीच होते.

रात्रपाळी: विषयांतर, पण इलेक्ट्रोपोरेशनवाले (विजेच्या पल्सने पेशीत डीएनए घालणारे) कुणी आहेत का? दोन्ही डोळ्यांत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) येतंय.

खुडूक: डीएनए ऋणभारित, धन इलेक्ट्रोडकडे जातं. पण दोन्ही बाजूंना येतंय म्हणजे पल्सची ध्रुवता मध्येच उलटतेय, यंत्राची सेटिंग बघा. दुसरा डोळा कोरा हवा, तोच कंट्रोल. फास्ट ग्रीन (टोचलेला डीएनए दिसावा म्हणूनचा रंग) घालता ना?

रात्रपाळी: घालतो. ध्रुवता बघतो, थांबा.

पिपेटवाली: लेव्हॅमिसॉल (भ्रूणाचं स्वतःचं फॉस्फटेज अडवणारं औषध) कोण घालतं अजून?

चिमटा: मी, सवयीने. ७० अंशांवर रात्रभर हायब केलं की भ्रूणातलं स्वतःचं फॉस्फटेज (खोटा जांभळा रंग आणू शकणारं एन्झाइम) बहुतेक मरतंच.