अमेरिकन क्लायंट डब्ल्यू-९ हा तिथला कर फॉर्म मागतोय. भारतात बसून काम करणाऱ्याने भरायचा का?

प्रश्न:
नागरिकत्व भारतीय, काम सॉफ्टवेअरचं आणि सगळं इथूनच. कंपनीने पहिल्या बिलाआधी डब्ल्यू-९ पाठवलाय, वर्षअखेरीस १०९९ (दिलेल्या पैशांचं अमेरिकन करपत्रक) देऊ म्हणतात. फॉर्म नाही दिला तर ३० टक्के कर कापतील. भरून टाकू का? आणि इथे रिटर्न कुठलं?

उत्तर १:
डब्ल्यू-९ वर सही अजिबात करू नका. सहीच्या वरच्या मजकुरात तुम्ही अमेरिकन नागरिक किंवा तिथले करनिवासी आहात असं शपथेवर लिहून देता. तुमचा फॉर्म डब्ल्यू-८बेन, अमेरिकन नसलेल्या व्यक्तींसाठीचा. शेवटी ‘ई’ असलेला कंपन्यांसाठी असतो, एकट्याने व्यवसाय करणाऱ्याने तो घ्यायचा नाही.

ओळ ३ मध्ये घरचा पत्ता, पोस्ट बॉक्स चालत नाही. ओळ ५ (अमेरिकन कर क्रमांक) कोरी. ६ए मध्ये पॅन. घोळ होतो तो ओळ ८ मध्ये: जन्मतारीख आधी महिना, मग दिवस अशी लिहायची. ५ ऑगस्ट म्हणजे ०८-०५. आपल्या सवयीने ०५-०८ लिहिलं की ८ मे होतं, आणि पासपोर्टशी जुळत नाही म्हणून फॉर्म परत येऊ शकतो. भरलेला फॉर्म क्लायंटलाच द्यायचा, आयआरएसला (अमेरिकन करखात्याला) नाही.

उत्तर २:
३० टक्के कपात का लागत नाही तेही क्लायंटला लिहून कळवा. मोबदल्याचा उगम काम जिथे बसून केलं तिथला धरतात, पैसे देणारा कुठला आहे यावर ते ठरत नाही. भारतात केलेल्या कामावर ती कपात लागत नाही, १०९९-एनईसी (१०९९ चा फ्रीलान्स कामासाठीचा प्रकार) सुद्धा नाही. मात्र तिकडे जाऊन काही दिवस काम केलंत तर तेवढ्या भागाचा हिशेब वेगळा, म्हणून बिलावर ‘काम भारतात केले’ अशी ओळ टाकाच. २०२६ मध्ये सही केलेला फॉर्म साधारणपणे ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत चालतो. पत्ता किंवा देश बदलला तर ३० दिवसांत कळवायचं.

उत्तर ३:
रिटर्नचं: ४४एडीए (व्यावसायिकांच्या अंदाजित नफ्याचं कलम; १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलम ५८) खाली निम्मी जमा नफा दाखवणार असाल तर आयटीआर-४, प्रत्यक्ष खर्च वजा करायचे असतील तर आयटीआर-३. पैसे परदेशातल्या स्वतःच्या खात्यात ठेवत असाल तर आयटीआर-४ बाद, कारण परदेशी मालमत्तेचा तक्ता त्यात नाही. क्लायंट इथला टीडीएस कापत नाही, त्यामुळे २६एएस (कापलेल्या कराचा सरकारी उतारा) मध्ये ही रक्कम दिसणार नाही. बँकेकडून प्रत्येक जमेचा परकीय चलनाचा दाखला मागून ठेवा. ४४एडीए घेतलंत तर सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात.