मदत हवी आहे : गिट एफएससीके ‘मिसिंग ब्लॉब’ दाखवतंय, अर्जंट

रात्रपाळी : लोकहो, सकाळपासून डोकं बाद झालंय. गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवतं ते) लॉग बघायला गेलो तर मधेच फेटल एरर, मग एफएससीके (साठा धड आहे का ते तपासणारी कमांड) चालवलं तर मिसिंग कमिट (बदलाची नोंद), मिसिंग ब्लॉब (फाइलचा मजकूर), ब्रोकन लिंक अशा ओळीच्या ओळी, कालपर्यंत सगळं नीट होतं आणि मी काहीच केलेलं नाही. उद्या डिलिव्हरी आहे, पटकन कमांड सांगा.

खोडरबर : डँगलिंग असतील. कशालाच न जोडलेला जुना कचरा असतो तो, गीसी (गिटची साफसफाईची कमांड) आपोआप साफ करतं. दुर्लक्ष कर.

रात्रपाळी : डँगलिंग नाही हो, मिसिंग. वर लिहिलंय की.

चारमिनिटं : आधी डिस्क तपास. माझं असंच झालेलं, शेवटी हार्ड डिस्कच गेलेली निघाली, तेव्हापासून मी दर रविवारी दोन बॅकअप घेतो, एक तर

खोडरबर : बॅकअपचा वेगळा धागा काढ ना.

जुनाखोंड : एसव्हीएनमध्ये (गिटच्या आधीचं तसंच सॉफ्टवेअर) ही भानगडच नव्हती.

खोडरबर : एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय चालवलंयत कधी? रिव्हिजनची फाइल गेली की तिथेही बोंबच असते.

तिसरीघंटा : क्लोन (प्रोजेक्टची प्रत) कुठून केलाय? आणि कसा?

रात्रपाळी : त्याच मशीनवरच्या जुन्या फोल्डरमधून, --शेअर्ड लावून, जागा वाचावी म्हणून. त्याचा काय संबंध?

तिसरीघंटा : त्याचाच संबंध. शेअर्ड क्लोन ऑब्जेक्ट्स (कमिट, ब्लॉब वगैरे) कॉपी करतच नाही, अल्टरनेट्स फाइलमध्ये जुन्या फोल्डरचा पत्ता लिहितो आणि तिथूनच उसने वाचतो. जुन्या फोल्डरमध्ये साफसफाई केलीस का?

रात्रपाळी : काल एक ब्रँच उडवली, रिफ्लॉग (जुन्या हालचालींची नोंद) एक्सपायर करून गीसी प्रून नाऊ मारलं, म्हणजे न जोडलेलं सगळं लगेच पुसलं. पण तो फोल्डर वेगळा आहे ना

खोडरबर : ‘मी काहीच केलेलं नाही’ 😄

तिसरीघंटा : ती ब्रँच सर्व्हरवर पुश केलेली (चढवलेली) असेल तर वाचलास. आधी क्लोनची आहे तशी कॉपी काढ. मग सर्व्हरचा रिमोट (पत्ता) जोड आणि फेच --रीफेच कर, म्हणजे सगळं नव्याने उतरेल, गिट २.३६ किंवा पुढचं लागेल. साध्या फेचने भागेलच असं नाही, रेफ (ब्रँचची वगैरे नावं) दिसले की गिटला वाटतं माल आपल्याकडे आहेच. एफएससीकेमध्ये मिसिंग काही उरलं नाही की रीपॅक -ए -डी, म्हणजे उसनं सगळं तुझ्याकडे येईल, आणि त्यानंतरच अल्टरनेट्स फाइल काढ. क्रम उलटा केलास तर उरलेलंही जाईल.

कंसपूर्ण : एखादा ब्लॉब तरीही सापडला नाही आणि ती फाइल कुठे पडलेली असेल तर हॅश-ऑब्जेक्ट -डब्ल्यूने ती परत साठ्यात घाल. फक्त एक स्पेससुद्धा बदललेली नको, हॅश (मजकुरावरून निघणारा ओळखक्रमांक) वेगळा येतो.

रात्रपाळी : पुश केलेली होती!! रीफेच झालं, मिसिंग सगळे गेले. आता नुसते डँगलिंग दिसतायत, ते कसे घालवू?

खोडरबर : माझी पहिली पोस्ट वाच.