रिगलीच्या भिंतीवरची नावं
इथे कुणीतरी लिहिलंय की त्यांचे बाबा गेल्यापासून त्यांना बेसबॉल बघवतच नाही. समजू शकतो, पण मला उलट वाटतं, बघावाच. २०१६ ला शिकागो कब्स ही अमेरिकन बेसबॉल टीम १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली अजिंक्यपदाची मालिका, जिंकली तेव्हा लोकांनी रिगली फील्ड या त्यांच्या मैदानाच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावं लिहिली, त्यात कितीतरी नावं गेलेल्या बाबांची, आजोबांची, ज्यांनी आयुष्यभर वाट बघितली आणि हा दिवस बघायला राहिले नाहीत. एक जण तर नॉर्थ कॅरोलायनाहून गाडी चालवत इंडियानात वडिलांच्या कबरीपाशी गेला आणि शेवटची सातवी मॅच तिथे बसून ऐकली, दोघांचं तसं आधीच ठरलेलं. किती खरं प्रेम आहे हे! तुम्हीपण बाबांची टीम सोडू नका प्लीज.